चाक उघडायची लोखंडं

मोटरसायकलचं मागचं चाक घरच्या घरी उघडायला दिपालीनं एवढ्या गोष्टी गोळा केल्या: घरमालकीण मालनबाईंचं धुणं बडवायचं धोपटणं, धुण्याचं उरलेलं साबणाचं पाणी, टाचा घासायची वजरी, सायकलचा जुना पंप आणि सासऱ्यांनी आणून दिलेली दोन लोखंडं. यातली एकही वस्तू मोटरसायकलसाठी घडवलेली नव्हती. पण त्या दुष्काळाच्या साली कोण कुठल्या कामाला जुंपलं जाईल याचा नेमच राहिला नव्हता. अंघोळीच्या बादल्या पिण्याच्या पाण्याला लागल्या होत्या, लग्नातल्या मांडवाचं कापड मेंढरांच्या सावलीला लागलं होतं. मग वजरीनं तरी का मागं राहावं?

दिपाली मूळची वैजापूरची. तिचा नवरा आदिनाथ वाळूजला एका कंपनीत पाळीवर कामाला होता आणि दोघांचं बिऱ्हाड गारखेड्यात, मालनबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत होतं. सासू-सासरे मात्र एका जागी बिऱ्हाड करून राहणारी माणसं नव्हेत. बिरूमामा आणि दगडाबाई कन्नडकडचे धनगर. दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन घाट उतरायचे, पाऊस लागला की वर यायचे. त्या साली घाटाखालीही गवताची काडी नव्हती. तेव्हा मामांनी आयुष्यात पहिल्यांदा उलटी वाट धरली आणि कळप शहराकडं हाकला.

शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. बायपासच्या पलीकडं माळ सपाट करून प्लॉट पाडले होते, कोपऱ्याकोपऱ्यावर चुना फासलेले दगड रोवले होते, कमानीवर कुठल्याशा नगराचं झोकदार नाव होतं आणि आत घर एकही नव्हतं. बांधकामाला पाणी मिळेना म्हणून सगळंच खोळंबलं होतं. त्या नगराचे पहिले रहिवासी म्हणजे बिरूमामांची मेंढरं. मंडईत टाकून दिलेला भाजीपाला आणि बाभळीचा पाला यावर ती कशीबशी जगत होती. प्रश्न पाण्याचा होता, आणि तो आदिनाथच्या मोटरसायकलनं उचलला होता. रोज पाळीला जायच्या आधी तो दोन्ही बाजूंना कॅन बांधून खेपा घालायचा. पाणी मालनबाईंच्या बोअरचं. बोअर खोकत खोकत जेवढं देईल तेवढ्यातलं मालनबाई आधी मेंढरांचं काढून ठेवायच्या आणि वर फणकारायच्या, "मेंढ्यांना म्हणावं, घोट घ्यायच्या आधी मालनबाईचं नाव घेत जा." तोंडानं तिखट आणि हातानं उदार अशी माणसं असतात, त्यातल्या त्या. दिपालीला त्यांच्या बोलण्याचा राग यायचा आणि मागाहून त्यांच्या पाया पडावंसं वाटायचं.

पाण्याची सोय झाली, पण चाक टिकेना. एक दिवसाआड मागचं चाक बसायचं. आदिनाथ पंक्चरवाल्याचं दुकान उघडायची वाट बघत ताटकळायचा आणि कंपनीत उशिरा पोचायचा. सुपरवायझरनं एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा सुनावलं, तिसऱ्यांदा सांगितलं की आता उशीर झाला तर गेटवरूनच परत जायचं. आदिनाथ प्लॉटवाल्यांना शिव्या घालायचा. झुडपं तोडून काटे तसेच टाकतात म्हणायचा.

काटे कुणाचे होते ते दगडाबाईंनी हुडकलं. झालं होतं असं, की मेंढवाड्याला कुंपण करायला मामांनी वेड्या बाभळी तोडून आणल्या होत्या. धनगर माणूस काट्याच्या कुंपणाशिवाय रात्री डोळा मिटत नाही, लांडग्याचं भय त्याच्या हाडात मुरलेलं असतं. बायपासवर ट्रक धावतात, तिथं कुठला लांडगा फिरकायचा? पण मामांनी कुंपण घातलंच, आणि त्या फांद्या ओढत आणल्या त्या नेमक्या आदिनाथच्या गाडीच्या वाटेनं. लांडगा काही आला नाही. काट्यात सापडत होती ती पोराची गाडी.

हे कळलं तेव्हा बिरूमामांनी झाडू उचलला. दुपारभर उन्हात ती वाट झाडत राहिले. पण फुफाट्यात रुतलेला काटा झाडूला थोडाच दिसतो?

चाक बसायचं काही थांबलं नाही, आणि तेही दर वेळी ट्यूबच्या त्याच जागी. ते कोडंही दगडाबाईंनीच सोडवलं. एकदा चाक बसलं म्हणून आदिनाथनं गाडी मेंढवाड्यापाशीच उभी केली होती आणि दुकानापर्यंत ढकलत न्यायचा त्याच्यात जीव नव्हता. तेव्हा सगळ्यांनी मिळून तिथंच टायर उघडायचं ठरवलं. दिपालीनं घरून उलथनं आणलं होतं. ते टायरच्या कडेत घातलं आणि जरा जोर दिला, तर तेच वाकलं. पुढं कित्येक दिवस त्यांच्या घरच्या भाकरी तिरक्या उलटत होत्या. शेवटी मेंढवाड्याच्या खुंट्यांनी टायर कसंबसं उघडलं, ट्यूब बाहेर काढली. आता भोक हुडकायला ती पाण्यात बुडवायची, पण पाणी कुठलं? मामांनी ओठ ओले केले आणि फुगलेली ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवली. एका जागी थांबले. "हितं लागती हवा," म्हणाले.

दगडाबाईंनी तोवर कमरेच्या पिशवीतून लोकरीचा एक पुंजका काढला होता. तो त्यांनी टायरच्या आतून कडेकडेनं फिरवायला सुरुवात केली. दिपालीला वाटलं, आत्याबाई टायर पुसतायत. पण पुंजका एका जागी अडला. तिथं बोट लावलं तर काही लागेना, लोकर मात्र सुटेना. चिमट्यानं ओढलं तेव्हा बाभळीच्या काट्याचं टोक बाहेर आलं. काटा बाहेरून उपटला होता, पण टोक आत मोडून बसलं होतं आणि ठिगळ लावलेली ट्यूब पुन्हा पुन्हा फोडत होतं.

"मेंढीच्या पायात काटा मोडला तर बोटानं नाय हुडकायचा बाई," दगडाबाई म्हणाल्या. "बोटाला घट्टे असत्यात. लोकर फिरवायची. तिला जे सापडतं ते आपल्याला नाय सापडत."

त्यानंतर दोन दिवसांनी बिरूमामा चालत गारखेड्याला आले आणि त्यांनी फडक्यात गुंडाळलेली ती दोन लोखंडं दिपालीच्या हाती दिली. प्रत्येकाचं एक टोक ठोकून चपटं आणि गुळगुळीत केलेलं, बाकी सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेलं. चपटं टोक टायरच्या कडेत सरकवायचं आणि रबराकडून दाबायचं. उलथन्यासारखं वाकायचं तर सोडाच, हूं की चूं केलं नाही त्या लोखंडांनी.

"मामा, कुठून आणली एवढी चांगली?" दिपालीनं विचारलं.

"व्हती," मामा म्हणाले. मग जमिनीकडं बघत बोलले, "आदिनाथला सांग, पानी जमलं तर आण. नाय जमलं तर नको. कन्नडचा काकासाहेब येऊन गेलता, मेंढरं सगळी घ्याया तयार हाय. आता मंगळवारी यील. पोराच्या नोकरीवर मला मेंढरं नाय पोसायची. ज्या दिशी पानी आलं नाय त्या दिशी म्या समजून घीन आन देऊन टाकीन."

एवढं बोलून चहासुद्धा न घेता गेले. आदिनाथला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. वडिलांच्या हाताखालची मेंढरं गेली तर वडिलांचं काय उरेल, हे त्याला ठाऊक होतं. पण नोकरी गेली तर सगळ्यांचंच काय उरेल, हेही ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी आदिनाथनं कॅन बांधले आणि गाडीला हात लावला, तर चाक बसलेलं. बोअरनं पाणी उशिरा दिलं होतं आणि पाळीची वेळ झाली होती. शेजारचा पुंडलिक त्याच कंपनीत जायचा आणि गाडी चालू करून गेटशी उभा होता. आदिनाथनं एकदा चाकाकडं बघितलं, एकदा बायपासच्या दिशेनं. मग मान खाली घालून पुंडलिकच्या मागं बसला. "बाबांचा फोन बंद हाय," एवढंच म्हणाला. तो काय सांगत होता ते दिपालीला समजलं. आज पाणी जाणार नव्हतं, म्हणजे मेंढरं जाणार होती.

दिपाली गाडीपाशी उभी राहिली. माहेरी भावाची मोटरसायकल ती बाजार समितीच्या आवारात चालवायला शिकली होती. कांद्याचे ढीग चुकवत गाडी वळवता येत होती, तर पाण्याचे कॅन घेऊन सरळ रस्त्यानं का जमू नये? राहता राहिलं चाक. ते उघडताना तिनं बघितलं होतं, मदत केली होती, एकटीनं कधी केलं नव्हतं. तिनं पदर खोचला.

"मालनबाई," तिनं हाक मारली, "धोपटणं द्या, आन तुमची वजरी."

"सकाळीच? क्या करनेवाली है?" म्हणत मालनबाई बाहेर आल्या आणि बसलेलं चाक बघून पुढचं काही न विचारता आत जाऊन सगळं घेऊन आल्या. धुण्याचं पाणीही आणलं, वर तंबी दिली, "झाल्यावर उरलं तर तुळशीला नको घालू, साबण हाय त्यात."

दोघींनी कॅन उतरवून गाडी मेन स्टँडवर घेतली. व्हॉल्व्हचा नट पकडीनं सोडवला. टायरची कड रिमला अशी चिकटून बसली होती की टाचेनं रेटून हलेना. तेव्हा मालनबाईंनी धोपटणं हातात घेतलं आणि आयुष्यभर चादरी बडवलेल्या हातानं असे काही दणके घातले की कड आपण होऊन सुटली. दिपालीनं साबणाचं पाणी सोडलं, एक लोखंड सरकवलं, दाबलं, शेजारी दुसरं सरकवलं. टायर उघडलं. ट्यूब ओढून काढली, थोडी हवा भरली आणि ओठ ओले करून ओठांजवळून फिरवली. मालनबाई बघत राहिल्या.

"मुका घेती का ट्यूबचा?"

"गप बसा हो, हवा लागू द्या."

हवा लागली. भोकाभोवती वजरीनं घासून जागा खरबरीत केली, सोल्युशन लावलं, जुन्या ट्यूबचं ठिगळ दाबून बसवलं. वर मालनबाई पाट ठेवून त्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या वजनाचा कुणाला इतका उपयोग यापूर्वी झाला नव्हता, हे त्याच म्हणाल्या.

आता लोकर हवी होती. आतलं काट्याचं टोक काढल्याशिवाय ट्यूब घालण्यात काही अर्थ नव्हता, आणि लोकर होती दगडाबाईंच्या कमरेला, बायपासच्या पलीकडं. दिपालीनं कापूस शोधला, नव्हता. चिंधी फिरवून बघितली, ती गुळगुळीत फिरून आली. आणि मग तिला एका लोखंडाच्या रबरातून डोकावणारा लोकरीचा एक केस दिसला. मामांनी पकड मऊ व्हावी म्हणून आत लोकर गुंडाळली असणार. तिनं ती उपसली तशी रबराची पट्टी सैल झाली आणि भराभर उलगडत गेली.

आत पातं होतं. लांब, निमुळतं, एका बाजूला धार आणि मधे खिळ्याचं भोक.

दिपाली खाली बसली. ही कातर तिनं बघितली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला काठी आणि घोंगडीशेजारी मांडून दगडाबाईंनी या कातरीला हळदकुंकू वाहिलं होतं. दिपालीनं हाराचा दोरा कापायला म्हणून ती उचलली, तर सासूनं हसून मनगट धरलं होतं: हिनं फक्त लोकर कापायची. मामांच्या वडिलांची कातर होती ती. मामांनी तिचा खिळा काढला होता, दोन पाती वेगळी केली होती, मुठी ठोकून चपट्या केल्या होत्या, पोराचं चाक उघडावं म्हणून. ज्याला पुन्हा मेंढरं कातरायचीच नाहीत, त्यालाच कातरीचे दोन तुकडे करता येतात. म्हणजे काकासाहेबांना हो म्हणायच्या आधीच मामा मनानं रिकामे झाले होते, आणि इथं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तिला रडू फुटलं.

मालनबाईंनी पातं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि बोट पुढं धरून म्हणाल्या, "तेल लावलंय गं याला."

दिपालीनं बघितलं. खरंच. लोकर तेलात भिजवून धारेवर घट्ट बसवली होती, वरून रबर. गंज लागू नये म्हणून. दुसऱ्या लोखंडाचं रबर जरा उचकटलं, तर तिथंही तेच. धारेला कुठं कानस लावलेली नव्हती, मुठीशिवाय कशालाच धक्का लावलेला नव्हता. मेंढरं देऊन टाकायची ठरवलेला माणूस कातरीला तेल कशाला लावील? तोंडानं मामा पोराला मोकळं करत होते आणि हातानं कातर जपत होते.

यानंतर दिपालीचे हात थांबले नाहीत. तेलकट लोकर टायरमधून फिरवली, ती अडली, चिमट्यानं टोक निघालं. ट्यूब आत गेली, टायर बसलं, मालनबाईंनी धापा टाकत पंप मारला. कॅन बांधून ती निघाली तेव्हा ऊन चढलं होतं आणि मालनबाई मागून ओरडत होत्या, "हळू जा, पाणी सांडलं तर माझ्याशी गाठ हाय."

कमानीतून आत शिरताच तिला टेम्पो दिसला. मेंढवाड्याच्या तोंडाशी काकासाहेब बसले होते, समोर बिरूमामा. दगडाबाई पाठ फिरवून एका मेंढीच्या अंगावरून हात फिरवत होत्या. काकासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या हातावर पसरलं होतं. मेंढरांचा सौदा तोंडानं होत नसतो. उपरण्याखाली हातात हात द्यायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि एकदा बोटं दाबली की शब्द दिला. मग माघार नाही. मामांनी उजवा हात उचलला होता.

परक्या माणसासमोर, सासऱ्याच्या सौद्यात सुनेनं तोंड घालायचं नसतं. दिपालीला ते माहीत होतं. तिनं तोंड घातलंही नाही. गाडी स्टँडला लावून ती सरळ चालत गेली, पिशवीतून दोन्ही लोखंडं काढली, उरलेलं रबर ओढून टाकलं आणि तेलानं चकाकणारी दोन्ही पाती मामांच्या त्या उचललेल्या उजव्या हातात ठेवली. उपरण्याखाली जायला हात मोकळा राहिला नाही.

"मामा," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा स्थिर कसा याचं तिलाच नवल वाटलं, "चाकाचं काम झालं. ही तुमची तुमाला. कातरनीला लागंल. पानी आणलंय. उद्यापासून ह्यांची पाळी असू द्या नाय तर नसू द्या, पानी म्याच आणणार. चाक बसलं तर म्याच काढणार."

मामा हातातल्या पात्यांकडं बघत राहिले. दगडाबाई वळल्या होत्या. काकासाहेब जुने व्यापारी. त्यांनी कातरीकडं बघितलं, कातरीच्या तेलाकडं बघितलं आणि उपरणं झटकून परत खांद्यावर टाकलं.

"बिरू, तुला इकायचीच नव्हती," ते म्हणाले. "माझं डिझेल जाळलंस उगं."

"च्या घिऊन जावा," मामा म्हणाले.

टेम्पो गेला. कॅन रिकामे केले तशी मेंढरं पाण्यावर तुटून पडली. मामांनी कनवटीची चंची सोडली. सुपारीच्या खांडांतून बोटं फिरवून त्यांनी एक खिळा काढला. कातरीचाच. इतके दिवस तंबाखूसोबत कमरेला वागवलेला. दोन्ही पाती एकावर एक धरून त्यांनी तो भोकात घातला आणि दगडानं ठोकला. मुठी चपट्या झाल्या होत्या, बोटं नीट बसत नव्हती. त्यांनी हवेतच दोनदा कातर चालवून बघितली.

"आता चाक कशानं उघडशील?" त्यांनी विचारलं.

"लोहाराकडून जीपच्या जुन्या स्प्रिंगपाट्याचे तुकडे घासून आणते. उलथनं नाय वापरणार."

मामा हसले. किती दिवसांनी, ते दगडाबाईंनाच ठाऊक. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि काढून घेतला. उपकार हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. दिपालीला मात्र त्या हाताखाली उभं राहून वाटलं, की आपण किती जणांचे देणे लागतो, आत्याबाईंच्या लोकरीचे, मालनबाईंच्या पाण्याचे आणि या माणसाचे, ज्यानं आपल्या मुलासाठी बापाची कातर मोडली आणि बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

रिकामे कॅन बांधून ती दुसऱ्या खेपेला निघाली. गाडी चालू केली तर मामा समोरच उभे. त्यांनी हातानं थांबायची खूण केली, धोतर वर खोवलं आणि वाकून वाटेनं पुढं चालायला लागले. दोन पावलं टाकायचे, बसायचे, फुफाट्यातून बोटं फिरवायचे, काटा सापडला की फेट्यात खोचायचे. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून डाव्या हातात त्यांनी लोकरीचा पुंजका धरला होता आणि तो जमिनीवरून फिरवत होते.

"मामा, राहू द्या, ऊन लागंल," दिपाली म्हणाली.

त्यांनी मागं बघितलं नाही. मग तिनंही गाडी बंद केली आणि कमानीपर्यंत ती ढकलत, त्यांच्या चालीनं, मागोमाग नेली.